मुकुंदाचा पाय

"दहाव्याला चाललोय मालक, कट जरा सढळ हातानं घाला," रंगराव बांबवड्याच्या हॉटेलवाल्याला म्हणाला, आणि तो माणूस हातातला डाव तसाच धरून आमच्याकडं बघत राहिला.

त्याचं काही चुकलं नाही. पन्नाशी ओलांडलेले तीन गडी, डोक्यावर हेल्मेट, अंगात पांढरेधोट सदरे आणि लेंगे, लेंगे चेनमध्ये अडकू नयेत म्हणून पोटऱ्यांना सुतळी बांधलेली, आणि पाठमोरे वळलो की प्रत्येकाचं बूड उशी बांधल्यागत फुगलेलं. तो स्पंज होता. आमच्यातला इकबाल मुल्ला शिंपी. एरवी तो आम्हाला सायकलीसाठी काळ्या आखूड चड्ड्या शिवून द्यायचा, आत स्पंजची गादी घालून. पण दहाव्याला आखूड चड्डीत उभं राहायचं कसं, आणि साध्या लेंग्यात कोल्हापूरपासून घाट उतरेपर्यंत सीटवर बसायचं कसं, यावर त्यानं हा तोडगा काढला होता.

"कोण वारलं म्हणायचं?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"आमचा मुकुंदा. आणि प्लेट चार लावा."

"तिघंच दिसताय की."

"चौथी त्याचीच," रंगराव म्हणाला. "थांबे त्यानंच ठरवलेत."

हे मात्र खरं होतं. मुकुंद साळवी वीज मंडळात होता, मूळचा कोकणातला, साखरप्याच्या पुढं हुंबरवणे म्हणून गाव आहे तिथला. आम्हा चौघांची सायकलची टोळी. दर रविवारी जवळपास कुठंतरी जायचं, आणि वर्षातून एकदा शनिवारी आंबा घाट उतरून मुकुंदाच्या गावी, रविवारी घाट चढून परत. यंदाचीही तारीख त्यानं कधीच ठरवून टाकली होती. बांबवड्याला मिसळ, मलकापुरात चहा-खारी, आंब्याला भजी, साखरप्यात मुक्काम आणि रविवारी सकाळी त्याच्या घरी घावणे. विहिरीचा पंप दुरुस्त करायचा म्हणून तो वहिनींना घेऊन आधी गावाला गेला. पोफळींना पाणी लावून आला, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत गेला. आम्ही गाडी करून पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. आणि दहावा नेमका त्या ठरलेल्या रविवारीच आला.

मी म्हटलं होतं, एस.टी.नं जाऊ, गुपचूप बसू, हात जोडू, परत येऊ. रंगराव काही ऐकेना. त्याची उत्तरेश्वर पेठेत पिठाची गिरणी आहे, आणि गिरणीत बसणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही, त्याला मोठ्यानं बोलायची सवय असते. "त्यानं राइड ठरवली, ती राइड होणार," तो म्हणाला. "थांबेसुद्धा तेच. माणूस गेला म्हणून भज्यांनी काय घोडं मारलंय?"

मिसळ आली. आमच्या तीन संपल्या. चौथी मधोमध ठेवलेली, तर्रीवर फरसाण हळूहळू बुडत चाललेलं. आम्ही तिघं तिच्याकडं बघत बसलो. शेवटी रंगरावनं डोळे मिटून हात जोडले, प्लेट पुढं ओढली आणि मुकुंदाच्या नावानं ती खाल्ली. वर जादा ब्रेडही मागितला, कारण मुकुंदा नेहमी जादा ब्रेड मागायचा. मलकापुरातही त्यानं मुकुंदाचा चहा असाच श्रद्धेनं घेतला.

माझी ओळख राहिली. मी नामदेव हुजरे, मोजणी खात्यातला. जन्मभर लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या. साखळी जिथं पडेल तिथं खूण, मग समोर पाटील असो नाहीतर कोणी. एका इंचासाठी भावाभावांनी माझ्या नावानं बोटं मोडली आणि त्याच भावांनी कोर्टात सांगितलं की हुजरे सांगेल ते मान्य. त्यामुळं आमच्या भागात माझ्यावर राग आणि भरवसा दोन्ही भरपूर. रंगराव माझ्यामागं म्हणायचा की नामाला स्वप्नंसुद्धा सातबारा बघूनच पडतात.

तर आंब्याला पोचलो. घाटमाथ्यावर ती भज्यांची टपरी आहे, तिथं. कढई रसरसत होती. रंगराव बाकड्यावर बसला तो स्पंजामुळं जरासा उसळून परत बसला, आणि म्हणाला, "आज वाढणार कोण?"

हा आमचा नियम होता. घाट चढताना ज्याचा पाय जमिनीला टेकेल, त्यानं वर पोचल्यावर सगळ्यांना वाढायचं आणि स्वतः शेवटी खायचं. दुसरी शिक्षा नाही. पण एवढ्यासाठी माणसं काय काय करायची. इकबाल एकदा म्हशींच्या कळपात सापडला तर म्हशीच्या पाठीवर हात टेकून उभा राहिला, पण पाय खाली सोडला नाही.

"आज आपण चढून कुठं आलोय?" इकबाल म्हणाला. "आज उतरायचंय."

"मग मुकुंदानं वाढायला पाहिजे होतं," रंगराव म्हणाला. "जुनी बाकी म्हणून." आणि माझ्याकडं बघून, "नामा, आता तरी सोड की तो विषय. माणूस गेला."

"मी कुठं काढला विषय?"

"काढला नाहीस, पण सोडलाही नाहीस."

विषय असा. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही असेच कोकणातून परत चढत होतो. रंगराव आणि इकबाल पुढं निघून गेलेले. मधे मुकुंदा आणि सगळ्यांत मागं मी. मी मागंच असतो, बेतानं चालवायची सवय. तिसऱ्या मोठ्या वळणावर मी वर आलो आणि बघतो तर मुकुंदा थांबलेला. सायकल दोन पायांत, डावा पाय खाली, तळवा पूर्ण टेकलेला, तोंड दरीकडं. मला बघितलं आणि घाईनं निघून गेला. वर टपरीवर पोचल्यावर मी सांगितलं, मुकुंदाचा पाय टेकला. तो म्हणाला, छे. मी म्हटलं, मी डोळ्यांनी बघितलं. तो म्हणाला, भास झाला असेल. शेवटी त्यानं हसत हसत सगळ्यांना वाढलं, पण कबूल काही केलं नाही. तेव्हापासून दर रविवारी हाच तंटा. तो म्हणणार, टेकला नाही. मी म्हणणार, टेकला. मी एका रविवारी आलो नाही तर सोमवारी फोन करून म्हणायचा, "काय हुजरेसाहेब, पुरावा सापडेना म्हणून तोंड लपवलंत का?" की पुढच्या रविवारी मी हजर.

"पाय टेकला होता," मी म्हटलं. "तो गेल्यानं पाय वर उचलला जात नाही."

रंगरावनं मान हलवली आणि चौथ्या प्लेटकडं वळला. पण मिसळ दोन आणि चहा दोन झाल्यावर त्याच्याही पोटाला मर्यादा होती. एक भजं कसंबसं गेलं. तेव्हा त्यानं बाकीची भजी कागदात बांधली, कागद पिशवीत, पिशवी माझ्या सायकलच्या हँडलला. "त्याचा वाटा त्याच्या दारापर्यंत नेऊ," म्हणाला.

उतरताना त्या वळणावर आम्ही थांबलो. दोघांनी विचारलं म्हणून मी जागा दाखवली. कठड्याचा दगड निखळलेला आहे, त्याच्या हातभर अलीकडं.

"इथं उभा राहून करत काय होता?" इकबालनं विचारलं.

"देखावा बघत होता. आम्ही खालून मरमर मरतोय आणि साहेब देखावा बघतायत."

इकबाल कठड्यावरून वाकून बघणार होता, पण मागून ट्रक आला आणि आम्ही निघालो.

रविवारी सकाळी हुंबरवण्याच्या नदीवर गेलो तेव्हा सगळी मंडळी जमली होती. मुकुंदाचे थोरले बंधू दत्तारामदादा, मुकुंदाचा मुलगा प्रसन्न डोकं भादरलेला, गावातली वीसपंचवीस माणसं, आणि एका दगडावर सुलभावहिनी. बायका सहसा नदीवर येत नाहीत, पण त्या आल्या होत्या आणि त्यांना नको म्हणायची कोणाची छाती नव्हती. आम्हाला बघून गर्दीत थोडी कुजबुज झाली. आम्ही सायकली आंब्याच्या झाडाजवळ लावल्या आणि शक्यतो कोणाकडं पाठ होणार नाही असे उभे राहिलो.

विधी झाले. गुरुजींनी पिंड दर्भावर ठेवला, सगळे मागं सरले. आंब्यावर कावळे भरपूर. एकही खाली उतरेना.

थोडा वेळ गेला. आणखी थोडा गेला. ऊन वर आलं. कावळे एकमेकांशी गप्पा मारत बसलेले.

"काहीतरी राहिलंय मनात," दत्तारामदादा म्हणाले. मग पुढं होऊन हात जोडले. "मुकुंदा, सुलभाची काळजी करू नको. आम्ही आहोत."

कावळा ढिम्म.

"बाबा, मी दर महिन्याला येईन गावाला," प्रसन्न म्हणाला.

काही नाही.

"दर पंधरा दिवसांनी येईन."

एका कावळ्यानं शीट टाकली. प्रसन्नचा चुलतभाऊ पुढं आला आणि खाली मान घालून म्हणाला की काका, तुमची दुर्बीण हरवली नव्हती, ती मी नेली होती. कावळा हलला नाही, पण दत्तारामदादांनी त्या मुलाकडं असं बघितलं की तो मागच्या मागं गर्दीत शिरला. आणि मग काय झालं कोण जाणे, पण लोकांना चेवच आला. एकानं मुकुंदाच्या काजूच्या बिया वेचल्याचं सांगितलं. एका म्हातारबुवांनी सांगितलं की शाळेत असताना मुकुंदाला मास्तरांच्या हातचा मार बसला तो खरं तर त्यांच्या वाटचा होता. शेवटी दत्तारामदादांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "मुकुंदा, खालच्या पोफळीच्या आगरातला बांध मी हातभर तुझ्या अंगाला सरकवला. तो होता तिथं परत घालतो."

इतकं मोठं काही निघेल असं कोणाला वाटलं नव्हतं. सगळ्यांनी माना वर केल्या. कावळ्यानं चोच पंखात खुपसली.

गुरुजींना पुढं आणखी एका गावी जायचं होतं. ते घड्याळ बघून कुजबुजले, "गेल्या साली यांच्याकडच्या सत्यनारायणाला माझ्याकडून एक अध्याय गाळला गेला होता. तेही सांगून टाकतो." तेही सांगून टाकलं. उपयोग शून्य. तेव्हा ते म्हणाले, "आता दर्भाचा कावळा करू आणि तो शिववू. शास्त्रात सोय आहे."

"नको," सुलभावहिनी म्हणाल्या.

डोळे आत गेलेले, ओठ सुकलेले. दहा दिवसांत धड जेवल्या नव्हत्या, हे प्रसन्ननं आम्हाला सांगितलं होतं. "गवताचा कावळा नको. चहा मागितला आणि मला द्यायला उशीर झाला. तसेच गेले. आता हे तरी नीट होऊ दे. खरा कावळा शिवेपर्यंत मी इथून उठायची नाही."

प्रसन्न त्यांच्याजवळ बसला, दादांनी समजावलं, गुरुजींनीही समजावलं. त्या दगडासारख्या बसून राहिल्या. उन्हात त्यांचा चेहरा पांढरा पडत चालला होता.

तेवढ्यात रंगरावनं माझ्या बरगडीत कोपर मारलं. "नामा. पायाचं बोल."

"कसल्या पायाचं?"

"नाटक करू नको. त्याच्या मनात दुसरं काय असणार? बोल, मुकुंदा, तुझा पाय टेकला नव्हता म्हणून. कावळा टुणकन येतोय बघ."

"पिंडासमोर खोटं बोलू?"

हे मी जरा मोठ्यानं बोललो. गर्दी आमच्याकडं वळली. "कसलं खोटं?" दत्तारामदादांनी विचारलं. मग रंगरावनं गिरणीतल्या आवाजात सगळी हकीगत सांगितली. नियम, घाट, वळण, पाय. झालं. नदीवर उभ्या उभ्या खटला सुरू झाला. निम्मी माणसं म्हणू लागली, एवढ्यासाठी गेलेल्या माणसाला अडवून धरता होय. निम्मी म्हणाली, नियम म्हणजे नियम. एकानं शंका काढली की टाच टेकली का चवडा. मी चिडलो. सायकल आणली, तिच्यावर मांड टाकली आणि सगळ्या गावाला दाखवलं की तळवा असा, पूर्ण. दाखवताना उशी दिसली असणार, कारण मागं कोणीतरी हसलं.

"तुझ्याशिवाय तिथं कोणी नव्हतं," इकबाल मला हळूच म्हणाला. "तू नाही म्हटलंस तर जगात कोणाचं काय बिघडतंय? वहिनींकडं बघ."

मी बघितलं. आणि खरं सांगतो, मोडलो. सायकल परत झाडाला लावली आणि जन्मात जे केलं नाही ते करायला पुढं गेलो. हेल्मेट काढून हातात धरलं. "मुकुंदा," म्हटलं, "तुझा पाय..."

"कुठल्या वळणावर?" वहिनींनी विचारलं.

"आं?"

"भावजी, कुठलं वळण?"

"तिसरं. कठड्याचा दगड निखळलाय ते."

"मग टेकला होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही कशाला खोटं बोलता? मला त्यांनी घरी आल्या आल्या सांगितलं होतं."

रंगरावचं तोंड उघडंच राहिलं. मी गर्दीकडं विजयानं बघणार होतो, पण वहिनी बोलतच होत्या. बोलताना त्यांची नजर माझ्यावरच होती. "त्या वर्षी तुम्हाला दम लागायचा. तुम्ही कोणाला सांगत नव्हता, पण ह्यांना कळलं होतं. घाटात मागं तुमच्या चेनचा आवाज येईना म्हणून थांबले. खाली वाकून बघत राहिले. तुम्ही येताना दिसलात तेव्हा जीव भांड्यात पडला आणि निघाले."

"मग सांगायचं नाही का तेव्हाच?" माझा आवाज चिरकला.

"मी पण तेच म्हटलं. तर म्हणाले, दम लागतो हे चारचौघांत निघालं तर नामा सायकल अडगळीत टाकेल, मग घरात बसून खचेल. त्यापेक्षा माझ्या पायावरून भांडू दे. भांडायला म्हणून तरी दर रविवारी येईल."

मला तो देखावा आठवला, आणि ते सोमवारचे फोन आठवले. इतका राग आला म्हणता, कोणावर ते कळेना. मी पिंडाकडं तोंड करून म्हणालो, "गाढवा, इतकी वर्षं मला येडा बनवलंस होय रे," आणि पुढचं काही बोलता येईना. इकबालनं माझा दंड धरला. सगळे माझ्याकडं बघत होते, वहिनी पदर तोंडाला लावून रडत होत्या, मुलगा त्यांना सावरत होता, गुरुजी माझ्यासाठी पाणी घ्यायला वळले होते. पिंडाकडं तोंड एकट्या माझंच होतं.

आणि तेव्हा कावळा उतरला.

पिंडाजवळ आला. मान तिरकी करून बघितलं. एक फेरी मारली. उभ्या आयुष्यात मी अंतरं मोजलीत, माझी नजर चुकत नाही. चोच आणि पिंड यात वीतभर अंतर होतं. ते त्यानं काही तोडलं नाही. तो उडाला, माझ्या सायकलच्या हँडलवर बसला, पिशवीत चोच घालून कागद फाडला, रंगरावनं बांधून आणलेलं भजं उचललं आणि फडफडत आंब्यावर गेला.

फडफड ऐकून सगळे वळले. त्यांना दिसला तो फांदीवर बसलेला कावळा, चोचीत काहीतरी.

"शिवला का?" गुरुजींनी विचारलं. "कोणी बघितलं?"

कोणीच बघितलं नव्हतं. एकेक करत सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. वहिनींनी तोंडावरचा पदर काढला. त्याही माझ्याकडं बघायला लागल्या.

"शिवला," मी म्हटलं.

"नक्की?" गुरुजी म्हणाले. "म्हणजे, चोच लागली?"

मी काही बोलायच्या आत रंगराव भडकला. "अहो, काय विचारताय कोणाला? जिगरी दोस्ताचा टेकलेला पाय ज्यानं इतकी वर्षं वर उचलू दिला नाही, तो माणूस आहे हा. तो शिवला म्हणतोय म्हणजे शिवला."

"हुजरेसाहेब म्हणतात म्हणजे झालं," दत्तारामदादा म्हणाले.

वहिनींनी डोळे मिटून हात जोडले. मग प्रसन्नचा हात धरून त्या उठल्या. घराकडं चालताना त्यांनी मला विचारलं, "घाईनं आला का हो, की सावकाश?" मी म्हटलं, "सावकाश आला वहिनी. फेरी मारली आधी." हे तर खरंच होतं. त्या दुपारी त्या चार घास जेवल्या.

त्यावर एक पुरवणी झाली. जेवणं झाल्यावर दत्तारामदादा म्हणू लागले की कावळा पायाच्या विषयावर आला, बांधाच्या नाही, तेव्हा बांधाचा शब्द आता लागू होत नाही. गुरुजींनी निकाल दिला की पिंडासमोर दिलेले सगळे शब्द लागू. म्हणून तिसऱ्या प्रहरी मी त्याच लेंग्यात, स्पंजासकट, खालच्या आगरात दोरी धरून बांध मोजून दिला. हात नव्हता, दीड हात निघाला. दादांनी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाट चढायला लागलो. रंगराव, इकबाल पुढं गेले. मी माझ्या चालीनं येत राहिलो. तिसऱ्या वळणावर निखळलेल्या दगडाजवळ पोचलो आणि ब्रेक दाबला. डावा पाय खाली टेकवला, तळवा पूर्ण, आणि जिकडं त्याचं तोंड होतं तिकडं बघितलं. तिथून दरी दिसत नाही. मधे झाडी आहे, डोंगराचा सोंडा आडवा आलाय. देखावा म्हणावा असं तिथं काहीच नाही. फक्त खालचा रस्ता दिसतो, वळणावळणानं वर येणारा, आणि त्यावरून कोणी येत असेल तर तो माणूस. मी बराच वेळ तिथं थांबलो. कोणी येत नव्हतं.

टपरीवर पोचलो तेव्हा रंगरावनं भज्यांच्या चार प्लेटी सांगून ठेवल्या होत्या. "टेकलास का कुठं?" त्यानं सवयीनं विचारलं.

"टेकला."

"आं? कुठं?"

"तिसऱ्या वळणावर."

मी कढईवरून भजी आणली, दोघांना वाढलं. रंगराव पाणी आणायला आत गेला तसा इकबाल खालच्या आवाजात म्हणाला, "नामा, त्या कावळ्याच्या चोचीत भात होता का भजं?"

"तू बघितलंस?"

"मी तुझ्या लेंग्याची शिवण बघत होतो. सायकलवर चढून दाखवताना उसवलीस."

"मग शिवला," मी म्हटलं.

"शिवला तर शिवला," इकबाल म्हणाला आणि भजं तोंडात टाकलं.

रंगराव आला, बसला, आणि सवयीनं चौथ्या प्लेटसाठी हात जोडायला लागला. मी ती त्याच्यासमोरून उचलली. वाढणाऱ्यानं शेवटी खायचं असतं. दोघांचं होईपर्यंत ती हातात धरून मी उभा राहिलो, आणि मग मुकुंदाची भजी खाल्ली. गार झाली होती.